हौशी स्वार, चढण आणि नोंदवही

'हौशी' या शब्दाचे मराठीतील स्थान मोठे चमत्कारिक आहे. हौशी नट, हौशी गायक, हौशी छायाचित्रकार असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते आणि त्या कौतुकाच्या आड किंचित कमीपणाही असतो. राज्य नाट्यस्पर्धेने ज्या हौशी रंगभूमीला इतकी वर्षे बळ दिले, तिच्यातूनच मराठी नाटकाला अनेक नवे लेखक व दिग्दर्शक मिळाले. तरीही 'हौशी प्रयोग' म्हटले की ऐकणाऱ्याची अपेक्षा एक पायरी खाली उतरते. शब्दाचे मूळ पाहिले तर चित्र वेगळे दिसते. 'हौस' हा अरबी 'हवस'चा मराठी अवतार. त्याचा मूळ अर्थ तीव्र इच्छा, ओढ. युरोपीय भाषांतील 'अमॅच्युअर' हा शब्दही लॅटिनमधील प्रेम करणे या धातूपासून आलेला आहे. म्हणजे दोन्हीकडे मूळ भाव ओढीचा आणि नंतर चिकटलेला भाव कच्चेपणाचा. हा बदल का झाला असावा, या प्रश्नाचा विचार आम्ही एका अनपेक्षित क्षेत्राच्या आधारे करू इच्छितो. ते क्षेत्र म्हणजे डोंगरातील सायकल शर्यत.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकातील फ्रेंच लेखनात सायकल शर्यतीने मोठी जागा व्यापली आहे. ज्या १९०३ साली 'टूर द फ्रान्स' प्रथम धावली, त्याच साली आल्फ्रेद जारी यांनी ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेची कल्पना चढणीवरील सायकल शर्यतीच्या रूपात करून एक खोडकर गद्यलेख लिहिला. १९२४ साली आल्बेर लोंद्र या वार्ताहराने शर्यतीतल्या स्वारांचे हाल वाचकांसमोर मांडले, आणि हे स्वार म्हणजे सडकेवरचे सक्तमजूर होत, ही प्रतिमा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. पुढे रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये या शर्यतीला महाकाव्य मानून तिचे विवेचन केले. त्यांच्या लेखात मों व्हांतू हा डोंगर बळी मागणाऱ्या देवतेसारखा उभा राहतो. हे सारे लेखन महत्त्वाचे आहे. परंतु त्यात एक समान गोष्ट आहे. लिहिणारा प्रेक्षक आहे आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो व्यावसायिक स्वार आहे. तो डोंगरावर वर्षातून एकदा येतो, टाळ्या व धूळ घेऊन निघून जातो. डोंगराच्या पायथ्याशी राहणारा, पोटासाठी दुसरे काही करणारा आणि सुट्टीच्या दिवशी तीच चढण पुन्हा चढणारा माणूस या महाकाव्यात फारसा कोठे दिसत नाही. त्याचा इतिहास अलग वाचावा लागतो, आणि तो वाचला की असे आढळते की सायकलच्या इतिहासातील काही निर्णायक गोष्टी या माणसाकडून आल्या आहेत.

या इतिहासाचा आरंभ सेंत-एतिएन या शहरापासून करणे योग्य ठरेल. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातील हे औद्योगिक शहर कोळसा, शस्त्रे, रेशमी फिती आणि पुढे सायकली यांसाठी प्रसिद्ध. येथे पॉल द विवी नावाचे रेशमाचे व्यापारी राहत. त्यांचा जन्म १८५३ सालचा, प्रोव्हान्समधील पेर्न या गावचा. हे गाव मों व्हांतूच्या परिसरातले. म्हणजे ज्या डोंगरावर १३३६ साली पेट्रार्क केवळ माथा पाहण्याच्या इच्छेने चढला आणि वर पोचल्यावर ज्याने संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडले, त्याच डोंगराच्या छायेतले. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. तरी लाभाविना डोंगर चढण्याच्या युरोपीय परंपरेचा उल्लेख करताना ही दोन नावे शेजारी येतात, याची नोंद करायला हरकत नाही.

द विवी तिशीच्या उंबरठ्यावर असताना सायकलकडे वळले. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे. १८८७ साली त्यांनी रेशमाचा व्यवसाय सोडून सायकलींचे दुकान काढले आणि त्याच साली एक नियतकालिक सुरू केले. 'ल सिक्लिस्त' या नावाने ते पुढे प्रसिद्धी पावले. त्यात ते 'वेलोसियो' या टोपणनावाने लिहीत, आणि इतिहासाने त्यांचे हेच नाव लक्षात ठेवले आहे.

सेंत-एतिएनच्या दक्षिणेला लागूनच एक घाट आहे. त्याचे नाव कोल द ला रेपुब्लिक. जुन्या लोकांच्या तोंडी ग्रां ब्वा, म्हणजे मोठे रान. माथ्याची उंची ११६१ मीटर, शहरापासून चढण सुमारे १३ किलोमीटर. आल्प्सच्या मानाने हा घाट किरकोळच. पण वेलोसियोंच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की तो दारात होता. दुकान उघडण्यापूर्वी चढून येता येईल इतका तो जवळ होता. एकच चढण शेकडो वेळा चढली की ती प्रयोगशाळा होते. वारा बदलतो, वय बदलते, आदल्या दिवशीचे जेवण बदलते. चढण मात्र तीच राहते. मग काय बदलल्याने काय झाले, हे हळूहळू कळू लागते.

या प्रयोगशाळेत वेलोसियोंना सतावणारा प्रश्न साधा होता. सायकलला एकच दातेरी चक्र पुढे आणि एकच मागे असले, की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल ठरावीकच अंतर जाते. हे अंतर सपाटीसाठी योग्य ठेवले तर चढणीवर पाय अडतो. चढणीसाठी योग्य ठेवले तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात. यावर त्या काळचे उत्तर एकच होते: अधिक बळ लावा, नाहीतर उतरून चाला. वेलोसियोंचे उत्तर वेगळे होते. माणसाचे बळ आहे तेवढेच राहणार, तर त्या बळाला चढणीप्रमाणे वाटून घेणारी सायकल हवी. त्यांनी एकाहून अधिक चक्रांच्या रचना करून पाहिल्या, इतरांच्या रचना मागवल्या, त्या ग्रां ब्वाच्या चढणीवर जोखल्या आणि निष्कर्ष आपल्या नियतकालिकात छापले. आज ज्याला आपण सर्रास गिअर म्हणतो, त्याचा प्रचार करण्यात त्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले. त्यांच्याभोवती जमलेल्या कारागिरांचा व स्वारांचा जो समुदाय तयार झाला, त्याला पुढे 'सेंत-एतिएनचा संप्रदाय' म्हटले गेले.

अभ्यासकांचे लक्ष येथे दुसऱ्याच गोष्टीकडे जायला हवे. वेलोसियो केवळ चढत नव्हते. ते लिहीत होते. कोणत्या वेळी निघालो, काय खाल्ले, कोणते गिअर कोठे वापरले, थकवा कोठे आला, उतारावर थंडी कशी बाधली, अशी वृत्ते 'ल सिक्लिस्त'च्या पानांवर वर्षानुवर्षे येत राहिली. वाचकही आपली वृत्ते पाठवीत. या लेखनाला कोणी साहित्य म्हटले नसेल. पण देहाच्या अनुभवाची इतकी सातत्याची, इतकी तपशीलवार आणि आत्मगौरवापासून इतकी दूर राहू पाहणारी नोंद त्या काळात विरळाच होती. प्रवाशांसाठी त्यांनी जे सात नियम सांगितले, ते आजही सायकलस्वारांच्या तोंडी आहेत. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थंडी वाजण्यापूर्वी अंगात कपडा चढवावा, हे त्यातले व्यवहारी नियम. सातवा नियम मात्र व्यवहाराचा नाही. अहंकारापोटी कधीही पायडल मारू नये, असा त्याचा आशय आहे. या नियमाकडे आपण पुन्हा येऊच.

आता त्याच घाटावर दुसरा इतिहास कसा येऊन पोचतो ते पाहू. १९०३ साली 'लोतो' या क्रीडावृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी फ्रान्सभोवतीची एक शर्यत जाहीर केली. संपादक होते आँरी देग्रांज. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर, ६० स्वार निघाले, २१ पोचले. दुसरा टप्पा ल्यों ते मार्सेय. त्याची वाट कोल द ला रेपुब्लिकवरून जात होती. म्हणजे या जगप्रसिद्ध शर्यतीने ओलांडलेला पहिला हजार मीटरवरचा घाट हा वेलोसियोंचा रोजचा घाट होता. पुढच्याच वर्षी, १९०४ साली, तेथे एक लाजिरवाणा प्रकार घडला. रात्रीच्या अंधारात फोर या स्थानिक स्वाराचे समर्थक वाट अडवून उभे राहिले. त्यांनी फोरला पुढे जाऊ दिले आणि मागच्यांना मारहाण केली. आदल्या वर्षीचे विजेते मोरिस गारँ त्यात जखमी झाले, आणि जमाव पांगवण्यासाठी हवेत गोळ्या झाडाव्या लागल्या. घाट तोच, गाव तेच. एका बाजूला अहंकाराविना चढावे असे सांगणारा दुकानदार आणि दुसऱ्या बाजूला 'आपला माणूस' जिंकावा म्हणून काठ्या घेतलेला जमाव. डोंगराच्या सान्निध्यात राहिल्याने माणूस आपोआप उदार होतो, असा भ्रम बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

देग्रांज आणि वेलोसियो यांच्यात पुढे जो वाद झाला, तो वरवर यंत्राविषयीचा होता. गिअर ही वयस्क व दुबळ्या माणसांची सोय आहे, शर्यत स्नायूंच्या बळावर जिंकली पाहिजे, अशी देग्रांज यांची भूमिका होती. सेंत-एतिएनच्या मंडळींपैकी जोआनी पानेल हे १९१२ च्या टूरमध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र घेऊन उतरले. पण या यंत्राला टूरमध्ये उघड मान्यता मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. तोवर जगातले श्रेष्ठ स्वार घाटाच्या पायथ्याशी थांबत, मागचे चाक काढत, ते उलटे करून दुसऱ्या बाजूचे चक्र साखळीत अडकवत आणि मग चढू लागत. रविवारचा हौशी प्रवासी तेव्हा कित्येक वर्षे खाली न उतरता गिअर बदलत होता. साधन हौश्याजवळ पुढारलेले आणि धंदेवाल्याजवळ मागासलेले, अशी ही उलटी स्थिती होती.

तिचे कारण आमच्या मते यंत्रात नसून दृष्टीत आहे. देग्रांज यांना डोंगर हवा होता तो अडथळा म्हणून. वृत्तपत्राला यातना हव्या होत्या, कारण यातनांची कथा होते आणि कथेने अंक खपतो. १९१० साली त्यांचे सहकारी आल्फोन्स स्तेनेस यांनी पिरेनीज पर्वतातील घाट शर्यतीत आणले ते याच हिशेबाने. २१ जुलै १९१० रोजी लुशों ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात पेरसुर्द, आस्पँ, २११५ मीटर उंचीचा तुर्माले आणि ओबिस्क हे घाट एकापाठोपाठ एक आले. टप्पा आणि पुढे ती टूरही जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझ यांनी आयोजकांना वाटेतच 'खुनी' म्हटले, ही गोष्ट क्रीडा-इतिहासात अजरामर झाली आहे. तिच्या सावलीत राहिलेली दुसरी गोष्ट अशी, की ओबिस्कच्या माथ्यावर त्या दिवशी पहिला पोचलेला स्वार लापीझ नव्हता. तो फ्रांस्वा लाफुर्काद नावाचा, त्याच प्रदेशातला, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या संघात नसलेला एकटा स्वार होता. पुढे त्याला गाठले गेले आणि त्याचे नाव तळटिपेत गेले. पण माथ्यावर आयोजकांसमोरून प्रथम गेला तो हाच.

अशा एकट्या स्वारांचा एक वर्गच त्या काळी टूरमध्ये असे. त्यांना आधी 'इझोले' म्हणजे एकाकी आणि नंतर 'तुरिस्त-रुतिए' म्हणत. राहण्याखाण्याचा खर्च स्वतःचा, दुरुस्ती स्वतःची, मदतनीस कोणी नाही. त्यांच्यापैकी झ्यूल देलोफ्र टप्पा संपल्यावर जमलेल्या लोकांना कसरतीचे खेळ करून दाखवीत आणि मिळालेल्या नाण्यांवर रात्रीची सोय करीत. हे नियमाच्या भाषेत व्यावसायिक. पण त्यांच्या धडपडीला धंद्याचा हिशेब लागू पडत नाही. हौस आणि पोट यांच्यामधली ही रेषा वाटते तितकी ठसठशीत नाही, हे अशी माणसे दाखवून देतात.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हौशीपणाचे गोडवे गाताना त्या शब्दाचा वर्गीय इतिहास विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये 'अमॅच्युअर' ही पदवी निर्मळ प्रेमाची नव्हती. हेन्लीच्या नौकास्पर्धेने १८७९ साली केलेल्या व्याख्येत कारागीर व अंगमेहनतीवर जगणारे लोक हौशी ठरत नव्हते. म्हणजे पैसा न घेता खेळणे पुरेसे नव्हते; पैशाची गरजच नसलेल्या घरात जन्म घेणे आवश्यक होते. फ्रान्समध्ये सायकल शर्यत प्रारंभापासून उघडपणे पैशाची राहिली, आणि म्हणूनच धुराडी साफ करण्याचे काम केलेले गारँ पहिल्या टूरचे विजेते होऊ शकले. ऑलिंपिकच्या सायकल शर्यती व्यावसायिकांना खुल्या झाल्या त्या १९९६ साली. तेव्हा व्यावसायिकता ही हौसेची शत्रू आणि हौस म्हणजे पावित्र्य, असे सोपे समीकरण मांडता येणार नाही. स्वतः वेलोसियो सायकली विकत होते. ज्या गिअरचा ते पुरस्कार करीत, त्यात त्यांचा व्यापारी हितसंबंधही होता. प्रश्न पैसा मिळतो की नाही हा नाही. चढणीशी माणसाचे नाते कोणते, हा आहे.

ते नाते स्पष्ट करणारी एक कथा इटलीतून येते. व्हिचेंझा या आल्प्सच्या पायथ्याकडील शहरात तुल्लिओ काम्पान्योलो हे हौशी शर्यतपटू होते. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी क्रोचे दाउने या घाटावरील शर्यतीत चढणीसाठी मागचे चाक काढायची वेळ आली, थंडीने बोटे बधिर झाली होती आणि चाकाच्या पाकळ्यांच्या चाक्या काही केल्या सैल होईनात. या फजितीतून त्यांना एका खटक्याने चाक सुटणाऱ्या कळीची कल्पना सुचली, असे सांगतात. १९३३ साली त्यांनी वडिलांच्या दुकानामागे छोटा कारखाना काढला आणि पुढे त्यांचे नाव जगभर गेले. या कथेला दंतकथेचा रंग चढला आहे हे उघड आहे; घाटावर आज तिचे स्मारकही आहे. पण दंतकथा कोणाविषयी रचली गेली हे पाहण्यासारखे आहे. ती विजेत्याविषयी नाही. चाक काढण्यात वेळ गमावून मागे पडलेल्या हौशी माणसाविषयी ती आहे.

आतापर्यंतचा इतिहास यंत्रांचा झाला. हौशी स्वाराने आपल्या अंतरंगाची नोंद लिहिली, ती मात्र बरीच उशिरा. १९७८ साली टिम क्राबे या डच लेखकाची 'द रेनर', म्हणजे शर्यतपटू, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. क्राबे यांचा जन्म १९४३ चा. ते आधी बुद्धिबळपटू म्हणून नावाजले होते आणि सायकल शर्यतीकडे वळले ते तिशीच्या सुमारास. म्हणजे ज्या वयात शर्यतपटूची उमेद उतरणीला लागते त्या वयात. कादंबरीत एकच शर्यत आहे: २६ जून १९७७ रोजी दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत, मों एग्वालच्या परिसरात झालेली १३७ किलोमीटरची शर्यत. प्रकरणांऐवजी किलोमीटर आहेत. निवेदकाचे नावही टिम क्राबेच. हॉलंडसारख्या सपाट देशातला हा माणूस डोंगरांत राहून सराव करतो, चढणींचे वेळ वहीत टिपतो, आपल्या शर्यतींना अनुक्रमांक देतो. आणि सारा डोंगर, पाऊस, थंडी, डावपेच यांतून गेल्यावर शेवटच्या काही मीटरांत हरतो. २००२ साली इंग्रजी अनुवाद झाल्यावर हे पुस्तक सायकलच्या वर्तुळाबाहेरही वाचले जाऊ लागले.

या कादंबरीचे मोठेपण कशात आहे? एक तर तिच्यात डोंगराचे वर्णन जवळजवळ नाही. पर्यटकाला जी दरी दिसते ती शर्यतपटूला दिसत नाही. त्याला समोरच्याचे मागचे चाक दिसते. क्राबे यांनी निसर्गवर्णनाचा मोह टाळून चढणीवरील मन कसे चालते तेच लिहिले आहे: आकडे मोजणारे, क्षुल्लक शब्द घोळवणारे, शेजारच्याचा हेवा करणारे, मध्येच लहानपणीच्या आठवणीत शिरणारे. संज्ञाप्रवाहाचे तंत्र आपण वर्गात शिकवतो तेव्हा ते अनेकदा निवांत मनाशी जोडले जाते. येथे ते धापा टाकणाऱ्या देहाशी जोडलेले आहे.

दुसरे म्हणजे, सत्य आणि कथा यांच्या संबंधावर या पुस्तकात एक अप्रतिम प्रसंग आहे. विख्यात विजेते झाक आंकेतिल चढण लागली की पाण्याची बाटली सायकलवरच्या कोंदणातून काढून सदऱ्याच्या मागच्या खिशात ठेवत, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले होते. स्वार म्हणजे माणूस आणि सायकल हे दोघे. चढणीवर सायकल शक्य तितकी हलकी हवी, हा त्यामागचा तर्क. वजन शेवटी वाहायचे त्याच माणसाला, हे उघड असूनही. निवेदक पुढे जुनी छायाचित्रे तपासतो तर प्रत्येक चढणीवर बाटली कोंदणातच दिसते. आणि तो ठरवतो की चूक छायाचित्रांची आहे. कारण सहकाऱ्याची गोष्ट स्वाराच्या आत्म्याला भिडणारी आहे. इतिहास आणि पुराणकथा यांच्या नात्यावर याहून नेमके भाष्य आमच्या वाचनात थोडेच आले आहे. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये: निवेदक छायाचित्रे तपासतो आणि मगच ती नाकारतो. भक्त तपासत नाही, अभ्यासक तपासून थांबतो. हौशी माणूस तपासतो आणि तरीही कथेवरचे प्रेम सोडत नाही.

आता वेलोसियोंच्या सातव्या नियमाकडे वळू. अहंकारापोटी पायडल मारू नये, असे ते सांगतात. क्राबे यांचा निवेदक तर अहंकाराचा पुतळाच आहे. काठावर बसून शर्यत पाहणाऱ्यांविषयी त्याला तुच्छता वाटते, प्रतिस्पर्ध्याच्या दुःखाने त्याला सुख होते, आणि या सर्वांची कबुली तो लाज न बाळगता देतो. मग यातला खरा हौशी कोण? आम्हांला वाटते, दोघेही. वेलोसियोंनी नियम केला याचा अर्थच असा की तो मोह त्यांना ठाऊक होता. ज्याची बाधा होत नाही त्याविषयी कोणी नियम करत नाही. क्राबे यांनी तो मोह लपवला नाही, इतकेच. दोघांना जोडणारी गोष्ट निरहंकार नसून नोंद आहे. व्यावसायिक स्वाराची नोंद इतर ठेवतात: वार्ताहर, पंच, कंपनी, चाहते. पायथ्याशी राहणाऱ्या हौशी माणसाची नोंद ठेवणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणी नसतो. त्याने ती ठेवली नाही तर ती चढण झालीच नाही असे होते. म्हणून तो लिहितो. आणि स्वतःसाठीच लिहीत असल्यामुळे फार खोटे लिहून त्याला उपयोग नसतो. चढणीला लागलेला वेळ कमी लिहिला तर फसणारा माणूस एकच.

ही स्थिती गेल्या काही वर्षांत बदलली आहे. २००९ साली सुरू झालेल्या स्ट्राव्हा या सेवेमुळे जगातल्या बहुतेक घाटांवर चढणाऱ्यांचे वेळ आपोआप नोंदले जातात, इतरांच्या वेळांशी ताडले जातात आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास 'डोंगराचा राजा' ठरवले जाते. क्राबे यांची वही आता सर्वांसमोर उघडी पडली आहे. त्यात लाभ नाही असे नव्हे. एकाकी माणसाला दूरचे सोबती मिळाले. पण यंत्राने ठेवलेली नोंद आणि माणसाने लिहिलेली नोंद यांत फरक राहतोच. यंत्र वेळ सांगते. त्या दिवशी वळणावर पाय का अडखळला, आणि तरी पुढे का गेलो, हे लिहावेच लागते.

आपल्याकडेही घाटाचा हा संस्कार आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा मान मिळतो. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पूर्ण केली. व्यवसायाने डॉक्टर असलेली, रुग्ण तपासून उरलेल्या वेळात सराव करणारी ही माणसे शब्दाच्या पूर्ण अर्थाने हौशी. सह्याद्रीच्या पायथ्याशी पुणे, नाशिक, सातारा या शहरांतून आज पहाटे घाटाकडे निघणारे स्वार कमी नाहीत. दुर्गभ्रमणाचे आणि गिरिभ्रमणाचे समृद्ध गद्य मराठीला लाभले आहे. सायकलच्या चढणीचे गद्य त्या मानाने थोडे आहे. डोंगर आहेत, स्वार आहेत, भाषा आहे. उणीव वहीची आहे.

वेलोसियो १९३० साली सेंत-एतिएनमध्ये ट्रामच्या धक्क्याने वारले. त्यांच्या सन्मानार्थ १९२२ पासून ग्रां ब्वाची सामूहिक चढाई भरू लागली होती, आणि आता त्या घाटाच्या माथ्यावर त्यांचे स्मारक आहे. स्मारकावरून टूर द फ्रान्स अधूनमधून जाते. तिच्यातील प्रत्येक सायकलला गिअर असतात. त्या गिअरमागे एका माणसाने रोज सकाळी चढलेली तीच ती चढण आहे, आणि तिचे न कंटाळता लिहिलेले वृत्त आहे. 'हौशी' या शब्दाला चिकटलेला कच्चेपणाचा अर्थ झटकायचा असेल तर वादविवादाने ते होणार नाही. एकाच गोष्टीकडे आयुष्यभर परतत राहून, दर वेळी काय दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्यांनीच ते आजवर केले आहे. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांचे कामही तत्त्वतः याहून फार निराळे नाही.